बाद फेरीचं गणित

"सव्वीस," अमिहान म्हणाली आणि केळं सोलायला लागली.

मी प्रश्न अजून पुरता वाचलाही नव्हता. "टेबल टेनिसच्या एका स्पर्धेत सत्तावीस खेळाडू आहेत. जो हरला तो बाद. एकच विजेता उरेपर्यंत एकूण किती..." इथवर आलो होतो. 'सामने' हा शब्द अजून माझ्या जिभेवरच होता आणि तिकडे केळ्याचा पहिला घास गेलासुद्धा होता.

"सव्वीस कसे?"

"असेच. दिसतात ना."

मी, रोडेल माकाराएग, सिडनीच्या पश्चिमेला एका बस डेपोत ड्रायव्हरांच्या पाळ्या लावतो. एक ड्रायव्हर एका वेळी दोन बसमध्ये असू शकत नाही, हे या शास्त्राचं पहिलं सूत्र. आणि एकही बस ड्रायव्हरशिवाय असू शकत नाही, हे दुसरं. या दोन सूत्रांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मी माझे तक्ते उभे करतो. चार रंगांत, पट्टीने आखलेले. डेपोत मॅनेजरला कुणी घाबरत नाही, पण माझ्या तक्त्यासमोर भलेभले दाढी करून उभे राहतात. अशा माणसाच्या पोटच्या पोरीने आकड्यांचा प्रश्न केळं खाता खाता 'दिसतो' म्हणून सोडवावा, हे मला काही रुचलं नाही.

"आकडा काय कांगारू आहे, रस्त्याकडेला दिसायला? मांडून दाखव."

"त्यात मांडायला काही नाहीये, पप्पा."

"मग अंदाज मारलास."

तिने माझ्याकडे पाहिलं, साल कचऱ्यात टाकलं आणि दुसरं केळं घेतलं.

आमच्याकडे सहावीतल्या मुलांची एक परीक्षा असते. त्यात वर आलेल्या मुलांना निवडक सरकारी शाळांत जागा मिळते, आणि ज्या घरात सहावीतलं मूल असतं त्या घरात वर्षभर दुसरा विषय नसतो. या परीक्षेत विचारकौशल्याचा एक पेपर असतो. त्याला ना पाढे कामी येतात ना पाठांतर. नुसता विचार करायचा, आणि तोही मिनिटाला एक. मी स्वतः आयुष्यात इतक्या वेगाने विचार केल्याचं मला आठवत नाही. लग्नाचा विचारसुद्धा मी सहा वर्षं करत होतो.

तर मी पट्टी घेतली. सत्तावीस खेळाडू, म्हणजे तेरा जोड्या आणि एकाला पुढे चाल. पहिल्या फेरीच्या चौदा चौकटी. दुसरीच्या सात. मग पुन्हा एकाला पुढे चाल, म्हणून चार, मग दोन, मग एक. तक्ता इतका सुबक झाला की मी तो फ्रिजवर लावला. बेरीज अठ्ठावीस.

उत्तरांच्या पर्यायांत अठ्ठावीस नव्हतंच.

याचा अर्थ सरळ होता. प्रश्न चुकला होता. मी क्लासच्या बाईंना, मिस नोह यांना, सविस्तर ईमेल लिहिली आणि तक्त्याचा फोटो जोडला. शेवटी "मुलांच्या भवितव्याशी असा खेळ होऊ नये" असं एक वाक्य घातलं, ते मला स्वतःला फार आवडलं. उत्तर दहा मिनिटांत आलं: "पुढे चाल मिळालेला खेळाडू सामना खेळत नाही. उत्तर सव्वीसच. अमिहानला विचारा, ती सांगेल."

ती सांगेल! मी ईमेल दोनदा वाचली आणि बाहेर कुंपणाजवळ जाऊन उभा राहिलो. कुंपणापलीकडे लिंडसे हॉकिंग गुलाब छाटत होता. लिंडसे विमा कंपनीतून निवृत्त झाला आहे. त्याला जगातल्या प्रत्येक वस्तूत एक भावी अपघात दिसतो. मी त्याला प्रश्न सांगितला.

"तेरा," तो म्हणाला. "सत्तावीसचे निम्मे."

"आणि त्या तेरा सामन्यांतले तेरा विजेते? ते काय घरी जातात?"

"मला वाटलं, जिंकल्यावर माणूस घरी जातो. मी तर जातो बाबा."

हे झाल्यावर मी माझी चूक मान्य केली. तेवढा मोठेपणा माझ्यात आहे. दोन 'पुढे चाल' वजा केल्या, अठ्ठावीसचे सव्वीस झाले, आणि मी अमिहानला सांगितलं, "उत्तर तुझं बरोबर आलं, पण रीत माझी बरोबर आहे. यापुढे असा प्रश्न आला की तक्ता काढायचा. अंदाज एकदा लागतो, तक्ता नेहमी लागतो."

पुढच्या शनिवारी क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. अमिहानने माझं ऐकलं. चौथ्याच प्रश्नाला तिने तक्ता काढला, पट्टी घेऊन, दोन रंगांत. मग सहाव्याला. पेपर संपला तेव्हा निम्मे प्रश्न तिने पाहिलेसुद्धा नव्हते. त्या निकालात तिचं नाव शोधायला मला बोट खालून वर न्यावं लागलं.

माझी बायको मारिविक हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळी करून ती सकाळी आली, फ्रिजवरचा तक्ता पाहिला, मुलीचा पेपर पाहिला आणि चपलासुद्धा न काढता म्हणाली, "पोरगी पळत होती रोडेल. तू तिच्या हातात कुबड्या दिल्यास."

"कुबड्या नाहीत, रीत दिली. माझ्या डेपोत..."

"डेपो तुझा मी बघितलाय. मागच्या ईस्टरला तिथे दोन ड्रायव्हर एकाच बसमध्ये बसले होते."

ते एकदाच झालं होतं आणि त्यात छपाईची चूक होती, पण मला बोलायला मिळालं नाही, कारण दारात अमिहान उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मी परीक्षा देणार नाहीये." आणि आपल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही. हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"तिला विश्वास नाही राहिला स्वतःवर," मी संध्याकाळी लिंडसेला सांगितलं. "उत्तर बरोबर येतं, पण का येतं ते तिला सांगता येत नाही. ते सिद्ध करून दाखवलं पाहिजे."

"मग खेळून बघा ना," लिंडसे म्हणाला. "तुझ्या गॅरेजमध्ये टेबल आहे. सत्तावीस माणसं आण. सामने मोज. विषय संपला."

मी त्याच्याकडे थक्क होऊन पाहत राहिलो. विमा कंपनीने या माणसाला निवृत्त कसं काय होऊ दिलं?

"पण गड्या," तो म्हणाला, "आधी नगरपालिकेला विचार. सत्तावीस माणसं एका गॅरेजमध्ये. कुणाचा पाय मुरगळला म्हणजे?"

इथे मी लिंडसेचं ऐकायला नको होतं. आमच्या गल्लीत, विल्गा क्लोजमध्ये, लोक गॅरेजमध्ये लग्नं लावतात, बाप्तिस्मे करतात, पहाटेपर्यंत माइकवर गातात, आणि आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही. पण मी नियमाने चालणारा माणूस. फोन केला.

"कार्यक्रम कोणत्या प्रकारात मोडतो?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. "व्यावसायिक, धार्मिक, की क्रीडा?"

"गणित."

"शिकवणी वर्ग?"

"नाही हो. एका उत्तराची खात्री करायची आहे. त्यासाठी सत्तावीस माणसं टेबल टेनिस खेळणार आहेत."

"म्हणजे क्रीडा."

"पण उत्तर आलं की थांबणार."

त्यांनी की-बोर्डवर काहीतरी टाइप केलं. मग त्या म्हणाल्या, "गॅरेजला वाहन ठेवण्याची परवानगी आहे. माणसं ठेवण्याची दिसत नाही. मी अधिकारी पाठवते, ते येऊन बघतील."

"कधी?"

"शनिवारी. तुमचा कार्यक्रम चालू असताना."

मी फोन ठेवला तेव्हा सासूबाई माझ्यामागे उभ्या होत्या. सासूबाईंना सगळी गल्ली लोला म्हणते, आमच्या भाषेत लोला म्हणजे आजी. चर्चच्या गायकवृंदात त्या पहिल्या रांगेत उभ्या राहतात आणि तिथून सगळ्या फिलिपिनो बिरादरीवर नजर ठेवतात. त्यांनी कपाळावर हात मारला.

"विचारायला गेलास? अरे बाळा, विचारलं की माणूस नाही म्हणतो. हे तुला लग्नाच्या वेळी कळलं नव्हतं?"

एकदा सासूबाईंनी लक्ष घातल्यावर स्पर्धा माझी राहिली नाही. सत्तावीस माणसं येणार म्हणजे सत्तावीस माणसं जेवणार, हे त्यांनी एका दमात ठरवून टाकलं. पान्सितच्या शेवया, लुम्पियाचे तळलेले रोल, व्हिनेगरमध्ये शिजवलेल्या मांसाचं, म्हणजे अडोबोचं, मोठं पातेलं. फक्त एका गोष्टीची त्यांना धास्ती होती. आमचे लोक जेवण दिसलं की आधी जेवतात आणि जेवल्यावर कुणी बॅट हातात धरत नाही. म्हणून त्यांनी नियम केला: जो हरेल त्यानेच ताट घ्यायचं आणि अंगणात जाऊन जेवायचं. न हरता कुणाला ताट मिळणार नाही.

"आणि जो जिंकेल तो उपाशी?" मी विचारलं.

"त्याला कप मिळेल ना. कप चाटू दे."

शनिवार उजाडला. मे महिन्यातली छान गार, कोरडी हवा होती. गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, भिंतीवर माझा नवा तक्ता लावला, सत्तावीस नावांचा. अमिहान तोंड पाडून पायरीवर बसली होती. तिला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. मारिविकने तिला नुसतं "बॅट घे, बाकी काही करू नकोस" असं सांगून बाहेर आणलं होतं.

अकरा गुणांचा एक गेम म्हणजे एक सामना, असं ठरलं. सुरू करणार तोच लिंडसेच्या क्लबातल्या दोघांचा येत नसल्याचा निरोप आला. पंचवीस राहिले. मी तक्ता उतरवला, नवा आखायला घेतला.

"चोवीस," पायरीवरून आवाज आला.

मी आखून बेरीज केली. चोवीस. तेवढ्यात सासूबाईंच्या गायकवृंदातल्या चार बायका येऊन उतरल्या. त्या पाहुण्या होत्या, पण सासूबाई म्हणाल्या, "न खेळता जेवायचं नाही," आणि त्यांना खेळाडू केलं. एकोणतीस.

"अठ्ठावीस," अमिहान म्हणाली. मी पट्टीसुद्धा उचलली नव्हती.

मी चौथा तक्ता आखला. अठ्ठावीस. आता हे तुम्हाला साधं वाटेल, पण मी वळून तिच्याकडे बघायला लागलो. माणसं येत होती, जात होती, मी चौकटी खोडत होतो, फेऱ्या बदलत होतो, आणि ती पोरगी एखाद्याने घड्याळ बघून वेळ सांगावी तसं उत्तर सांगत होती.

पहिला सामना माझा आणि सासूबाईंचा. तक्ता मीच आखला होता, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत, गुडघ्याला पट्टा बांधतात. मी ठरवलं होतं की सुरुवातीला त्यांना दोन-चार गुण घेऊ द्यायचे. मग मात्र काही मला त्यातून बाहेर पडता आलं नाही. त्या जागेवरून हलत नव्हत्या. चेंडूच त्यांच्याकडे यायचा. अकरा-तीन.

"लहानपणी आम्ही जेवणाच्या टेबलावर खेळायचो," त्या मला ताट वाढता वाढता म्हणाल्या. "मध्ये जाळी म्हणून माशांची रांग. मासा पडला की मार. अडोबो घे अजून."

अशा रीतीने, स्पर्धेचा आयोजक, तक्त्यांचा निर्माता आणि यजमान असा मी, स्पर्धेतला पहिला बाद खेळाडू म्हणून हातात ताट घेऊन अंगणात एकटा जाऊन बसलो. तीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मी. शेजारच्या मांजराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.

आत काय चाललंय ते उघड्या दारातून दिसत होतं. दुसऱ्या सामन्यानंतर सासूबाईंना अडोबोचं पातेलं ठेवायला जागा हवी होती. टेबलावर खेळ चालू होता. त्यांनी भिंतीवरचा तक्ता उतरवला, घडी घातली, बाकावर ठेवली आणि वर उकळतं पातेलं ठेवून दिलं.

"आई! तक्ता!"

"चटका बसत नाही हां बाकाला. छान जाड आहे कागद."

तक्ता गेला. मी अंगणातून ओरडलो, पण बाद खेळाडूचं कोण ऐकतो? सासूबाईंनी जाहीर केलं की आता जो मोकळा असेल त्याने यावं, टेबलाशी उभं राहावं, हरला की जेवावं. कुणी लागोपाठ चार सामने खेळलं, कुणी तासभर बसून राहिलं. फेरी राहिली नाही, जोडी राहिली नाही, पुढे चाल राहिली नाही. लिंडसेने आत न्यायाचा प्रश्न उपस्थित केला, त्याला उत्तर म्हणून बॅट देण्यात आली.

मग तोतोयचा पाय मुरगळला. तोतोय हा मारिविकचा मावसभाऊ. तो टेबलापर्यंत पोचायच्या आधीच पायरीवर घसरला. लिंडसेचा चेहरा कित्येक वर्षांनी खरा ठरलेल्या ज्योतिष्यासारखा उजळला. तोतोय लंगडत सरळ पातेल्याकडे निघाला, तर सासूबाईंनी पळी आडवी धरली.

"खेळलास?"

"लोला, पाय बघा ना माझा!"

"पायाने जेवतोस? खुर्ची आणा रे."

तोतोयला खुर्चीवर बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर, त्यावर बर्फाची पिशवी, आणि त्याने बसल्या बसल्या गेम खेळला. अकरा-एक हरला, पण तो एक गुण त्याने असा काढला की अंगणातून मी टाळ्या वाजवल्या. मग तो ताट घेऊन माझ्याशेजारी आला.

एवढ्यात गल्लीत नगरपालिकेची गाडी थांबली. गणवेशातल्या एक ताठ बाई उतरल्या. छातीवर नावाची पट्टी होती: जनीन. मी ताट खाली ठेवून धावलो.

"गॅरेजमध्ये वाहन नाही," त्या म्हणाल्या.

"वाहन बाहेर आहे."

"आणि आत?"

"आत गणित आहे," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. सत्तावीस, सव्वीस, पंचवीस, तक्ता, पातेलं. त्यांनी वहीत काही लिहायला सुरुवात केली आणि थांबल्या. तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन आल्या आणि आल्या तशाच थबकल्या. त्यांना आपलाच नियम आठवला.

"ड्यूटीवर मी काही खाऊ शकत नाही," जनीनबाई म्हणाल्या.

"आणि हरल्याशिवाय मी देऊ शकत नाही," सासूबाई म्हणाल्या. "बॅट धरा."

"मॅडम, मी पाहणीला आले आहे."

"मग जवळून पाहा ना."

बाई दोन मिनिटं दारात उभ्या राहिल्या. मग गायकवृंदातल्या एका बाईने इतकी वाईट सर्व्हिस केली की जनीनबाईंच्या तोंडून "मनगट! मनगट वळवा!" असं निघून गेलं. अर्ध्या मिनिटात त्यांची टोपी खिडकीत होती. तीस खेळाडू झाले.

"एकोणतीस," अमिहान आतून म्हणाली. यावेळी ती पायरीवर नव्हती. बॅट घेऊन रांगेत उभी होती.

मी परत खुर्चीवर येऊन बसलो. अंगण भरत चाललं होतं. लिंडसे आला, बारा-दहाने हरल्याचं दुःख सांगत. गायकवृंद एकामागून एक आला. मारिविक आली. शेवटी घामाघूम सासूबाईसुद्धा ताट घेऊन आल्या, पाच जणांना जेवायला पाठवून. आणि तेव्हा मला एकदम आठवलं.

"लिंडसे," मी म्हणालो, "सामने किती झाले?"

"तक्त्यावर असतील ना."

"तक्त्यावर पातेलं आहे! मोजले कुणी?"

कुणीच मोजले नव्हते. एवढा खटाटोप, नगरपालिका घरात आणली, सासूबाईंकडून हरलो, आणि ज्यासाठी हे मांडलं होतं तेच राहिलं. मी ताट ठेवून उठलो. म्हटलं, एकेकाला विचारत जातो. प्रत्येकाने आपापला सामना सांगायचा, मी बोटांवर धरत जाईन. सुरुवात तोतोयपासून.

"तू किती सामने हरलास?"

"किती म्हणजे? एक हरलो, म्हणून इथे आहे."

"तुम्ही?"

"एक."

"आई, तुम्ही?"

"जिंकले पाच. हरले एक. हरल्याशिवाय ताट मिळतं का?"

पुढच्या माणसाला विचारायला मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

समोर बावीस माणसं बसली होती. माझ्यासकट. कुणी लुम्पिया खात होतं, कुणी मुलाच्या नाकाला रुमाल लावत होतं. आणि यातला प्रत्येक जण एका सामन्यातून आला होता. एकच. हरल्याशिवाय कुणी येऊच शकत नव्हता आणि सामना झाल्यावर कुणीतरी आल्याशिवाय राहूच शकत नव्हता. आत कुणी कुणाशी खेळलं, कोण आधी, कोण नंतर, कोण खुर्चीवर बसून, याने काही म्हणजे काही फरक पडत नव्हता. एक सामना, एक ताट. बावीस ताटं, बावीस सामने. तीस माणसांतून एक उरायचा तर एकोणतीस जणांनी इथे यायलाच हवं. सत्तावीसमधून सव्वीस.

मी खाली बसलो. दुपारभर आम्ही त्या आकड्याची मोडतोड करायला काय काय केलं होतं! माणसं काढली, घातली, तक्ता जाळला म्हणा ना, क्रम उधळला, एकाचा पाय मुरगळला, एक सरकारी बाई मध्येच घुसवली. आणि आकडा आपला जागच्या जागी, शांत, पांढऱ्या खुर्च्यांवर बसून जेवत होता. जगात आजवर जिथे जिथे बाद फेरी झाली, विम्बल्डनच्या हिरवळीवर असो की आमच्या मनिलाच्या एखाद्या गल्लीत, तिथे तिथे हेच झालं होतं, आणि मी बापडा पट्टी घेऊन चौकटी आखत होतो.

मी गॅरेजमध्ये गेलो. अमिहान रांगेत उभी होती.

"अमी. अंगणात बावीस जण आहेत."

"हो. बावीस सामने झाले."

"तू मोजलेस?"

"कशाला? तुम्ही सगळे तिकडे बसलायत ना."

"आणि हे तुला त्या दिवशी... केळं सोलताना दिसलं?"

तिने खांदे उडवले. "मी सामन्यांकडे बघतच नाही, पप्पा. बाहेर कोण पडतं ते बघते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू तक्ता काढत होतास," ती म्हणाली. "तुला आवडतं ना ते."

अकरा वर्षांत मी या मुलीला शाळेत सोडलं आहे, तिच्या बुटांची लेस बांधली आहे, तापात उशाशी बसलो आहे, आणि त्या कपाळाच्या मागे काय चालतं याची मला काही कल्पनाच नव्हती. आपल्याच घरात एक खोली होती आणि तिचं दार मला आजवर दिसलं नव्हतं.

शेवटचा सामना अमिहान आणि जनीनबाई. तीस खुर्च्या सोडून सगळे गॅरेजच्या दारात. जनीनबाईंनी लहान मुलगी म्हणून एक गुणही सोडला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. अकरा-नऊ. अमिहानने हात मिळवला, आजीकडून ताट घेतलं आणि अंगणात येऊन माझ्याशेजारी बसली. सगळ्या बिरादरीत एकच माणूस उपाशी राहिला, आणि तोही असा की ज्याला ड्यूटीवर खायची परवानगी नव्हती. नियम दोन्ही बाजूंचे पाळले गेले. जनीनबाईंनी वहीत लिहिलं, 'गॅरेजमध्ये वाहन नाही. इतर काही आक्षेपार्ह आढळले नाही.' सासूबाईंनी ड्यूटी संपल्यानंतरसाठी म्हणून एक पुडकं त्यांच्या गाडीच्या टपावर ठेवलं, कारण हातात घ्यायला त्या तयार नव्हत्या.

"अमी," मी म्हणालो, "परीक्षा द्यायची की नाही ते तुझं तू ठरव. मी काही बोलणार नाही."

"परीक्षा मला द्यायचीच होती," ती तोंडात शेवया घेऊन म्हणाली. "मला फक्त तुझे तक्ते द्यायचे नव्हते."

निकालाचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पहिल्या पसंतीची शाळा मिळाली नाही, थोडक्यात गेली. दुसरी मिळाली. तिथे ती आता रोज ट्रेनने जाते आणि मजेत आहे. पण मला सांगायची आहे ती परीक्षेच्या दिवशीची सकाळ.

परीक्षा एका मोठ्या हॉलमध्ये होती. फाटकाबाहेर शेकडो आईबाप आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असं काही, की आत आपणच जाणार आहोत. मी तर सकाळपासून पाण्याच्या चार बाटल्या बरोबर घेतल्या होत्या आणि चारही स्वतःच प्यायलो होतो. अमिहानने माझ्याकडे बघितलं आणि बहुतेक तिला माझी दया आली.

"पप्पा, तुला एक प्रश्न घालू? म्हणजे तू जरा शांत होशील."

"घाल."

"दहा खेळाडू. पण एकदा हरून बाद नाही. दोनदा हरला की बाद. सामने किती?"

माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. मग मी तो बाहेर काढला आणि डोळे मिटले. अंगण आणलं डोळ्यांसमोर. पांढऱ्या खुर्च्या. सामन्यांकडे बघायचं नाही. बाहेर कोण पडतं ते बघायचं. दहामधले नऊ जण बाहेर येणार. प्रत्येक जण दोनदा हरून. नऊ दुणे...

"अठरा!" मी ओरडलो. आजूबाजूचे चार बाप वळून बघायला लागले. मला पर्वा नव्हती. काही न आखता, काही न मांडता, आयुष्यात पहिल्यांदा मला आकडा दिसला होता. "अठरा सामने!"

"वा," अमिहान म्हणाली. मग दप्तराचा पट्टा खांद्यावर चढवला. "किंवा एकोणीस."

"किंवा? किंवा कसं?"

फाटक उघडलं होतं. मुलं आत निघाली होती. ती दोन पावलं गेली, आणि मला समजलेलं नाही हे पाठ वळवूनही तिला कळलं असावं, कारण ती थांबली.

"जिंकणारासुद्धा एकदा हरलेला असू शकतो ना, पप्पा," ती म्हणाली, आणि आत गेली.